सुप्याच्या लोकांनी कागदच का जाळले? १८७५चा दंगा इंग्रजांविरुद्धचा उठाव म्हणायचा का?

वर्गशिक्षिका_हडपसर

नमस्कार मंडळी. मी हडपसरला शाळेत इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात वसाहतींविरुद्धचे उठाव आणि त्यांची कारणं हा भाग घेत होते. संथाळांचा उठाव, भिल्लांचा, रामोशांचा, मग आपला १८७५चा दख्खनचा दंगा. वर्गात एक मुलगा आहे, त्याचं गाव सुप्याजवळ, बारामतीच्या जिरायती पट्ट्यातलं. त्याने हात वर करून विचारलं, "बाई, उठाव इंग्रजांविरुद्ध होता तर त्यात इंग्रजांचं काय जाळलं?"

मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझंच मला पटलेलं नाही.

मला माहीत आहे ते एवढं: १२ मे १८७५, सुप्याचा बाजारचा दिवस. आजूबाजूच्या गावांतून शेतकरी जमले आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर, घरांवर गेले. वह्या-चोपड्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले, धान्याची दुकानं लुटली. तिथून लोण शिरूर, इंदापूर, पुरंदरकडे आणि वर नगर जिल्ह्यात पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत गेलं. पण मामलेदार कचेरी जाळली, खजिना लुटला, गोऱ्या अधिकाऱ्यावर हात टाकला, असं काही नाही.

कारणं म्हणून जी यादी छापलेली असते (जड सारा, सावकारी, दुष्काळ, मंदी) ती कुठल्याही उठावाला चिकटवता येते. शिवाय मोठा दुष्काळ १८७६-७७चा, म्हणजे दंग्यानंतरचा. तो कारणांत येतोच कसा? मला हवं आहे ते असं: तेव्हाच का, तिथेच का, आणि कागदच का. कोणी खोलात गेलं असेल तर सांगा.

अभ्यासिका_रात्रपाळी

मॅडम, कापूस. उत्तर एका शब्दात संपतं.

१८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला पाऊण हिस्सा तिथून यायचा, तो बंद. मग मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसा पुरवू लागले आणि सावकार शेतकऱ्यांना. एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल मिळायची म्हणतात. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पैसा आटला. सावकार म्हणाला, आधीचं फेडा. त्यात तीस वर्षांची जमाबंदीची मुदत संपली आणि फेरआकारणीत सारा ५० ते १०० टक्के वाढला. बूम-बस्ट-बंड. सदाशिव पेठेतल्या प्रत्येक अभ्यासिकेत हे भिंतीवर चिकटवलेलं असतं.

एक गंमत ऑप्शनमध्ये येते, लक्षात ठेवा: दंग्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने साऱ्याला दोष दिला नाही. दोष सावकाराचा, असा निष्कर्ष. १८७८ला अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला.

भाऊ_नाझर

बाई, तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा. प्रश्न त्याने नेमक्या जागी टोचला आहे.

मी इतिहासाचा माणूस नाही. शिवाजीनगरच्या कोर्टात बेलिफ म्हणून लागलो आणि नाझर होऊन निवृत्त झालो. समन्स बजावणी, जप्तीचं वॉरंट, कब्जा देणं-घेणं, यात आयुष्य गेलं. वाचनाची आवड, म्हणून सुप्याबद्दल जे हाती लागलं ते वाचत आलो. पुस्तकं लिहिणारे बहुतेक अर्थशास्त्राच्या बाजूने बघतात. मी बेलिफाच्या बाजूने बघतो आणि मला तिथून दुसरंच दिसतं.

आधी रात्रपाळीवाल्यांना. कापसाचं सांगता ते बरोबर, पण सुपं हा काही कापसाचा मुलूख नव्हे. तिथे बाजरी आणि ज्वारी. कापूस खरा खानदेशात आणि वऱ्हाडात. मग कापसाने दंगा झाला असेल तर तो जळगाव-अकोल्याकडे पेटायला हवा होता. तिकडे शांतता आणि पेटलं ते सुप्याच्या भीमथडी तालुक्यात! कापसाच्या पैशाने उधारी सैल झाली, हे खरं. रेल्वेची कामं निघाली तेव्हा गाडीवानांना, मजुरांना रोख पैसा मिळाला, हेही खरं. पुणे-सोलापूर लोहमार्ग १८६०ला पुरा झाला, बोरघाट १८६३ला, मग ती मजुरी गेली. पण उधारी सैल होते आणि आवळते, हे शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. त्यासाठी कोणी बाजारात चोपड्यांची होळी करत नाही.

नवीन काय होतं, ते सांगतो.

पेशवाईतही सावकार होता आणि व्याज काही कमी नव्हतं. पण वसुलीला त्याच्यापाशी काय होतं? तगादा लावायचा, दारात धरणं धरायचं, नाहीतर पंचायत बसवायची. पंचायतीत गावचेच लोक. पाटील म्हणणार, यंदा पाऊस नाही, थांब. सावकाराला त्याच गावात राहायचं, त्याच आडाचं पाणी प्यायचं. त्यामुळे कर्ज कधी पुरतं फिटत नसे आणि कधी पुरतं वसूलही होत नसे. दामदुप्पट होतीच, म्हणजे एकावेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागता येणार नाही.

इंग्रजांनी तीन गोष्टी केल्या आणि प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर चांगली वाटते.

एक, सर्व्हे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ला इंदापूरपासून सुरुवात केली. शेताला नंबर, नंबराला आकार, आणि आकार भरणारा खातेदार. आधीच्या प्रिंगलच्या आकारणीने गावं ओस पडली होती, त्या मानाने ही पुष्कळ बरी. पण नंबर पडला म्हणजे जमीन कागदावर सापडू लागली. आणि जी कागदावर सापडते ती जप्त करता येते. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. चतुःसीमा नसलेल्या मिळकतीवर जप्ती बसवून दाखवा कोणीतरी.

दुसरी गोष्ट दिवाणी कोर्ट आणि १८५९चा दिवाणी प्रक्रियेचा कायदा. रोखा दाखवा, हुकूमनामा (वसुलीचा कोर्टाचा हुकूम) घ्या. मुन्सफ, म्हणजे खालच्या कोर्टाचा न्यायाधीश, विचारणार, सही तुझी का? अंगठा तुझा का? मूळ रक्कम किती, त्यातली हातात किती पडली, धान्य किती भरलं, हे विचारायला त्याला वेळही नव्हता आणि कायद्याने ते त्याचं कामही नव्हतं. आणि बहुतेक दावे एकतर्फी. शेतकरी कोर्टात येतच नसे. का, ते मला विचारा. मी माझ्या काळात समन्स घेऊन गेलो की घरातली बाई म्हणायची, "मालक शेतावर गेलेत," आणि मालक मागच्या दाराने निघालेले. समन्स घेतलं नाही म्हणजे दावा टळतो, असा आजही लोकांचा समज आहे. मग आम्ही दाराला चिकटवायचो, पंचांच्या सह्या घ्यायचो आणि तारखेला एकतर्फी हुकूम व्हायचा. माझ्या काळात एसटी होती, फोन होता, तरी हे. १८७०ला सुप्याच्या कुणब्याने काम बुडवून, वकिलाला पैसे देऊन, तालुक्याला तारखेवर जायचं?

तिसरी गोष्ट सगळ्यांत इरसाल. तीही १८५९ची. मुदतीचा कायदा. सरकारचा हेतू चांगला: जुन्यापुराण्या रोख्यांवर व्याज चढत राहू नये, म्हणून सही झालेल्या रोख्याला तीन वर्षांची मुदत. झालं काय, तर मुदत संपत आली की सावकार नवं खत लिहून घेई. त्यात मागचं मुद्दल अधिक मागचं व्याज, हे सगळं नवं मुद्दल. दामदुप्पट तिथे लंगडी पडली, कारण ती एका खतापुरती बघते. नवं खत, नवं मुद्दल, मोजणी पहिल्यापासून.

मुलांना हिशेब करायला लावा, बाई. शंभर रुपये, महिना दोन टक्के धरा. तीन वर्षांत व्याज ७२, खत बदललं, १७२. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. बाराव्या वर्षी ८७५. अठराव्या वर्षी २,५८९. मधल्या काळात शेतकऱ्याने खळ्यावर जे धान्य घातलं, त्याची पावती नाही. आयोगापुढे शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं उदाहरण आलं होतं. लोक म्हणतात अतिशयोक्ती असेल. मी म्हणतो, कायद्याच्या चौकटीत बसून बरोबर तेवढंच होतं.

आता बघा कागदाचं काय झालं. पूर्वी कर्ज हे दोन माणसांतलं आणि गावातलं होतं. साक्षीदार जिवंत, आठवण जिवंत. आता आठवणीला किंमत नाही, चोपडीला आहे. वाचता येत नाही त्या चोपडीला! तिच्यात काय लिहिलंय ते सावकाराला आणि कोर्टाला ठाऊक. मग हातात कोलीत आलेला माणूस कशाला आग लावेल? घर जाळून कर्ज जात नाही. सावकाराला मारून जात नाही, त्याचा मुलगा दावा लावेल. रोखा जाळला की जातं. जिथे निमूटपणे कागद काढून दिले तिथे सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. मारहाण झाली ती बहुतेक कागद द्यायला नकार मिळाला तिथे. हे अडाणी जमावाचं वागणं नाही. कायदा कुठे राहतो, हे त्या लोकांना मुन्सफापेक्षा चांगलं कळलं होतं.

आणखी एक. रोख बहुतेक गुजर-मारवाडी सावकारांवर होता. गावातले ब्राह्मण सावकार, कुलकर्णी, त्यांच्या वाटेला लोक फारसे गेले नाहीत. यात परका-आपला होतंच, ते झाकायचं कारण नाही. पण गावच्या सावकाराला गावाची भीड होती, वतन होतं. बाहेरून आलेल्याला गावाची भीड नव्हती, कारण त्याला गावाची गरजच उरली नव्हती. त्याचा आधार पुण्याच्या कोर्टात.

करड्याचं उदाहरण बघा, ते सुप्याच्या आधीचं, शिरूर तालुका, १८७४ची अखेर. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि घरापर्यंत वसुली नेली. देशमुख म्हणजे गावातलं मोठं घर. गावाने काळूरामावर बहिष्कार घातला. न्हावी नाही, धोबी नाही, पाणी भरायला माणूस नाही. म्हणजे गावाने आपलं जुनं हत्यार काढलं. जुन्या काळात सावकार आठवड्यात वाकला असता. आता मात्र हुकूमनामा हुकूमनाम्याच्या जागी कायम. बहिष्काराने बेलिफ थांबत नाही. पाच महिन्यांनी सुपं झालं.

तेव्हा इंग्रजांचं काय जाळलं, याला माझं उत्तर: इंग्रजांचा कायदाच जाळला. तो सावकाराच्या तिजोरीत ठेवलेला होता, म्हणून ते तिथे गेले.

पुरंदरचा_गडी

नाझरकाका, लिहिलंय झकास. पण तुम्ही सगळं कोर्टाच्या पायरीवर आणून ठेवलं, हे मला मान्य नाही.

आमच्या भिवडीचे उमाजी नाईक घ्या. जन्म १७९१, फाशी १८३२, तीही तुमच्याच पुण्यात, खडकमाळ आळीला, मामलेदार कचेरीत. त्यांच्या वेळी कुठला मुदतीचा कायदा आणि कुठला रोखा? रामोशांकडे किल्ल्याची, गावाची राखण होती. पुरंदराच्या राखणीचा हक्क, त्याचं उत्पन्न, त्याचा मान. गडांवरची ही व्यवस्था मोडली, नवे पोलीस आले, हक्क गेले. ज्याचं काम चोर पकडायचं तोच एका रात्रीत सरकारी दप्तरात चोर ठरला. उमाजींनी १८३१ला जाहीरनामा काढला तो सरळ फिरंग्यांविरुद्ध. सारा त्यांना देऊ नका, चाकरी सोडा, असा सूर. तिथे मध्ये सावकार नव्हता.

सांगायचं एवढंच की उपाशी माणूस सहसा उठत नाही. पडलेला माणूस उठतो, ज्याच्याकडे कालपर्यंत काहीतरी होतं. करड्यालाही बघा, उठलं कोणाच्या घरावरून? देशमुखाच्या. भूमिहीन माणसाच्या नाही. सुप्यातही पाटील मंडळी पुढे होती. त्यांची पत गेली, म्हणून उठले. कर्जाचं निमित्त.

आणि साऱ्याचं काय? तुम्ही ते पार विसरलात. इंदापूर, भीमथडी, हवेलीत फेरआकारणीने लोकांचं कंबरडं मोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ला यावरच चौकशी करून अहवाल काढला होता, दंग्याच्या दोन वर्षं आधी. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारला निर्दोष ठरवलं, यात नवल ते काय! आयोगातल्याच ऑकलंड कॉल्विनने साऱ्यावर बोट ठेवलं होतं.

भाऊ_नाझर

गडी, साऱ्याचं मी मुद्दामच मागे ठेवलं. कारण असं, की नगर जिल्ह्यात पारनेर-श्रीगोंद्याकडे नवी आकारणी तेव्हा लागायची होती, तरी तिथे दंगा झाला. नुसता वाढीव सारा कारण असता तर भीमा ओलांडून तो तिकडे का गेला? कोर्ट मात्र दोन्हीकडे होतं, मुदतीचा कायदा दोन्हीकडे होता.

पण साऱ्याला मी सोडत नाही. सारा रोख भरायचा आणि ठरल्या तारखेला भरायचा. पीक खळ्यावर येण्याआधी हप्ता. मग जायचं कोणाकडे? म्हणजे सरकारच दरवर्षी शेतकऱ्याला हाताला धरून सावकाराच्या ओट्यावर नेऊन बसवतं. आयोगाने विचारलं, सारा जड होता का. विचारायला हवं होतं, सारा भरायला पैसा कुठून आला. प्रश्न असा घातला की उत्तर आपोआप सोयीचं येतं. उलटतपासणीत ही युक्ती रोज पाहिली आहे.

उमाजींचं तुम्ही म्हणता ते मात्र खरं, आणि त्याने माझं म्हणणं बारगळत नाही, रुंद होतं. रामोशांचा हक्क कशावर होता? वहिवाटीवर. सनद कोणाकडे होती, कोणाकडे नव्हती. नव्या सरकारने प्रत्येकाला विचारलं, कागद दाखव. दाखवता आला नाही तो गेला. शेतकऱ्याचा कागद सावकाराकडे होता, रामोशाचा कुठेच नव्हता.

पडलेला माणूस उठतो, यावर मात्र मी भांडणार नाही. अंगठा लावणाऱ्यांचं रक्षण पाटलाने करायचं, ही त्याची पत. हुकूमनाम्यापुढे ती चालेना, तेव्हा पाटीलही पुढे झाला.

कोथरूडकर_दारेसलाम

मी सध्या कामानिमित्त टांझानियात आहे, म्हणून इथलं एक सांगावंसं वाटलं. इथे १९०५ ते १९०७ माजी माजी उठाव झाला, जर्मनांविरुद्ध. तुमचा धागा वाचताना सारखं वाटत होतं की सुप्याचा चुलतभाऊ आहे.

जर्मनांनी झोपडीवर पट्टी बसवली, म्हणजे घरटी कर, आणि तोही रोख. गंमत म्हणजे नाणं रुपयाच होतं, जर्मन ईस्ट आफ्रिकेचा स्वतःचा रुपया, आपल्याकडच्या व्यापारामुळे. मग गव्हर्नर ग्योट्झेनने गावोगाव मुखियाच्या देखरेखीखाली कापसाची सामाईक शेतं लावायला लावली. काम सक्तीचं, मोबदला नावापुरता, आणि स्वतःच्या शेताच्या हंगामातच. जुलै १९०५ला मातुंबी डोंगरात लोकांनी पहिली गोष्ट काय केली? कापसाची रोपं उपटली. किन्जिकिटिले न्ग्वाले नावाचा भगत होता. त्याच्या मंतरलेल्या पाण्याने गोळीचं पाणी होईल, अशी श्रद्धा पसरली. "माजी" म्हणजे पाणीच. त्या श्रद्धेने वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या टोळ्या एकत्र आल्या. जर्मनांनी पुढे उभी पिकं आणि धान्य जाळलं. मेले ते बहुतेक उपासमारीने. कमीत कमी अंदाज ७५,००० आहे आणि जास्तीत जास्त तीन लाखांपर्यंत जातो.

नाझरकाकांचं सूत्र इथे लावून बघितलं. इथे सावकार नव्हता, रोखा नव्हता. सत्ता कापसाच्या रोपाच्या रूपाने गावात उभी होती, म्हणून रोप उपटलं. संथाळांच्या हूलमध्ये, म्हणजे उठावात, ३० जून १८५५ला भोगनाडीहला जमून निघाले तेव्हा, महाजन आणि दरोगा दोघेही होते. सातव्या दिवशी दरोगा मारला गेला. म्हणजे तिथे कर्ज आणि पोलीस एकाच दारात उभे होते. बाई, मुलांना कारणांच्या यादीऐवजी हे विचारता येईल: प्रत्येक उठावात लोकांनी पहिला हात कशाला घातला?

फरक एक मोठा वाटतो. सुप्यात माणसं फारशी मेली नाहीत, इथे प्रदेश ओसाड झाले. यामागे जर्मन क्रूर आणि इंग्रज दयाळू, असलं काही नसावं. सुप्यात लोकांनी सरकारला थेट आव्हान दिलं नाही, त्यामुळे सरकारला मध्यस्थाचा मुखवटा घालता आला.

वर्गशिक्षिका_हडपसर

सगळ्यांचे आभार. पहिला हात कशाला घातला, हा प्रश्न मी उद्याच वर्गात घेणार.

काका, आणखी दोन शंका. एक, लगेच चार वर्षांनी, १८७९ला वासुदेव बळवंत फडके उठले. शिरूर तालुक्यात धामारीला दरोडा टाकला, बरोबर रामोशी होते. त्यांचं आणि सुप्याचं नातं लावायचं का? दुसरी, त्याच १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. तो दंग्याचा विजय म्हणायचा का? पुस्तकात एका ओळीत "कायदा करण्यात आला" म्हणून धडा संपतो.

अभ्यासिका_रात्रपाळी

दुसऱ्याचं उत्तर "होय" असंच लिहायचं असतं मॅडम, दोन मार्क.

भाऊ_नाझर

दोन मार्क घ्या, पण बाकीचं वाचा.

फडक्यांचं नातं लागतं, पण सरळ रेघ ओढू नका. फडके मूळचे शिरढोणचे, पनवेलकडचे, आणि पुण्यात लष्करी हिशेब कचेरीत कारकून. आई आजारी असताना रजा मिळाली नाही, हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठं वाटतं ते १८७६-७७चं. दुष्काळात गावं फिरून त्यांनी माणसं मरताना पाहिली आणि मग इंग्रजी राज्य उलथायचं मनाशी धरलं. सुप्याच्या लोकांना ते म्हणायचं नव्हतं, त्यांना कर्जातून सुटायचं होतं. फडक्यांनी तोच मुलूख निवडला, त्याच सावकारांना लुटलं, पण पैसा हवा होता फौजेसाठी. म्हणजे त्यांनी राग दुसऱ्यांचा घेतला आणि त्याला आपला हेतू जोडला. रामोशी साथीदार किती त्या हेतूसाठी होते आणि किती लुटीसाठी, हा प्रश्न खुद्द फडक्यांनाही छळत होता. त्यांचे साथीदार दौलतराव नाईक लढताना पडले आणि सगळं विस्कटलं. जुलैमध्ये विजापूरकडे देवर नावदगीला पकडले गेले, खटला पुण्यात चालला, वकीलपत्र घ्यायला सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) उभे राहिले. १८८३ला एडनच्या तुरुंगात वारले.

एक गोष्ट मात्र माझ्यासारख्याला सुचल्याशिवाय राहत नाही. सुप्यात दप्तर जाळणाऱ्यांना वाचता येत नव्हतं आणि चार वर्षांत जो पुढारी मिळाला तो दप्तरातलाच कारकून.

आता कायदा. मला तो बराच चांगला वाटतो, आणि कायदे वाचून वाचून माझं मत सहसा चांगलं होत नाही. १८७९च्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं, रोख्यावर थांबू नका. मागे जा, पहिल्या व्यवहारापासून हिशेब काढा, मुद्दल वेगळं करा आणि व्याज वेगळं. शेतकऱ्याला नुसत्या कर्जापायी तुरुंगात टाकता येणार नाही. खेड्यात लेख नोंदवायला निबंधक. म्हणजे जी गोष्ट मुन्सफाने विचारायची नाही असं ठरलं होतं, नेमकी तीच विचारायला लावली. चोपड्या जाळल्यामुळे सरकारला चोपड्या उघडाव्या लागल्या, असं म्हणा हवं तर.

पण सावकार काही झोपलेला नव्हता. कर्जाच्या रोख्यामागे कोर्ट जातं ना? मग कर्जाचा रोखाच नको. सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं. कागदावर जमीन विकली, आणि तोंडी बोली की पैसे फेडलेस की परत लिहून देईन. आता कागदावर कर्जच नाही, तर हिशेब कशाचा काढणार? कायद्याने कर्ज धरलं, सावकाराने विक्री पुढे केली, आणि जमीन पूर्वीपेक्षा लवकर हातची जाऊ लागली.

हे जुनं झालं असं समजू नका. खरेदीखत की गहाण, हा वाद माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत दाव्यांतून यायचा. वादी म्हणायचा मी विकली नव्हती, तारण दिली होती. प्रतिवादी नोंदणी झालेलं खत पुढे करायचा. २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात तर कलमच आहे: सावकारीच्या ओघात असं खत करून घेतलेलं आढळलं, तर जिल्हा निबंधक ते रद्द ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा हुकूम करू शकतो. म्हणजे १८७९ला मुन्सफाला जे सांगावं लागलं ते २०१४ला पुन्हा निबंधकाला सांगावं लागलं.

तुमच्या त्या सुप्याकडच्या मुलाच्या घरी जुनी खतं असतील, मोडीतली का असेनात, तर जपून ठेवायला सांगा. मोडी वाचणारे पुण्यात पुष्कळ आहेत, मीही थोडीफार लावतो.